‘अ‍ॅमन्ट’ आणि ‘एन्ट’ यांतला फरक
डब्लिन किंवा ग्लासगो येथे राहायला गेलेल्या मराठी माणसाच्या कानावर ‘अ‍ॅमन्ट आय?’ हा प्रश्न पडला, की अमेरिकी गाण्यांतून ओळखीच्या झालेल्या ‘एन्ट’चाच हा एखादा स्थानिक प्रकार असावा, असे त्याला वाटू शकते. दोन्ही रूपांत ‘अ‍ॅम नॉट’ दडलेले असल्याने हा समज स्वाभाविक आहे. परंतु दोघांची व्याप्ती वेगळी आहे आणि समाजातील पतही वेगळी आहे.

‘अ‍ॅमन्ट’ हे ‘इझन्ट’च्याच साच्यातले नियमित रूप असून ते केवळ ‘आय’ या कर्त्याबरोबर येते. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये ते मुख्यतः प्रश्नात ऐकू येते. ‘आयम लेट, अ‍ॅमन्ट आय?’ म्हणजे ‘मला उशीर झालाय, नाही का?’ विधान करताना तेथील लोकही बहुधा ‘आयम नॉट’ असेच म्हणतात.

‘एन्ट’ची वंशावळ अधिक गुंतागुंतीची आहे. 17व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील नाटकांच्या संवादांत ‘अ‍ॅन्ट’ हे रूप आढळू लागते. ‘म’ आणि ‘न’ ही दोन अनुनासिके लागोपाठ उच्चारणे जड जात असल्याने ‘अ‍ॅम नॉट’मधला ‘म’ गळाला, ‘आर नॉट’चेही तेच रूप झाले आणि पुढे ‘इझ नॉट’साठीही ते चालू लागले. ‘हॅव नॉट’पासून निघालेले ‘हॅन्ट’ हेही ‘ह’ गळून त्यातच मिसळले. म्हणूनच ‘ही एन्ट कमिंग’ म्हणजे ‘तो येत नाहीये’ आणि ‘आय एन्ट सीन हिम’ म्हणजे ‘मी त्याला पाहिलेले नाही’, ही दोन्ही वाक्ये एकाच शब्दावर उभी राहतात. ‘यू एन्ट’ लंडनच्या ईस्ट एंडमध्ये आणि अमेरिकेच्या दक्षिणेत सर्रास ऐकू येते. ‘यू अ‍ॅमन्ट’ हे मात्र स्कॉटिश किंवा आयरिश व्याकरणात बसतच नाही.

मला यातला सर्वांत उद्बोधक भाग वाटतो तो ‘आर्न्ट आय?’ या शिष्टमान्य रूपाचा. व्याकरणाच्या दृष्टीने ‘आय’ला ‘आर’ लागत नाही, तरी ते रूढ झाले, कारण दक्षिण इंग्लंडच्या बोलीत स्वरानंतरचा ‘र’ उच्चारला जाईनासा झाल्यावर ‘आन्ट’ असा दीर्घ उच्चार झालेले जुने ‘अ‍ॅन्ट’ आणि ‘आर्न्ट’ कानाला सारखेच लागू लागले, आणि लिहिणाऱ्यांनी त्यात ‘र’ घातला. म्हणजे पाठ्यपुस्तकांत बसणारे हे रूप आणि वर्गात खोडले जाणारे ‘एन्ट’ ही एकाच ‘अ‍ॅन्ट’ची दोन अपत्ये आहेत. स्कॉटिश आणि आयरिश बोलींत ‘र’ ठळकपणे उच्चारला जात असल्याने तेथे हा घोटाळा होण्याचे कारण नव्हते, आणि ‘अ‍ॅमन्ट’ टिकून राहण्यास त्याचा हातभार लागला असावा.

‘अ‍ॅमन्ट’ आपल्या प्रदेशात सुशिक्षितांच्याही बोलण्यात असते. ‘एन्ट’ मात्र एके काळी इंग्लंडच्या उमराव घराण्यांतही बोलले जात असूनही अशिक्षितपणाची खूण ठरले, आणि हा राग इतका खोल होता की 1961 मध्ये वेबस्टरच्या तिसऱ्या बृहद् कोशाने अमेरिकेतील अनेक सुसंस्कृत लोकही ते बोलताना वापरतात अशी नोंद केली, तेव्हा वृत्तपत्रांनी त्या कोशावर टीकेची झोड उठवली.