उन्हाळी विज्ञानपटाचं वेड: थोडं मागे जाऊन

भाच्यानं परवा तिकिटं काढली. पहिला दिवस, पहिला शो, सकाळी नऊचा. दहावीची परीक्षा संपल्यापासून हा मुलगा अकराच्या आत अंथरुणातून उठलेला नाही. ट्रेलर त्यानं इतक्या वेळा पाहिलाय की यंत्रमानवाचा हात निखळतो त्या क्षणाचा करकर आवाज तो स्वतःच तोंडानं काढतो. कोणत्या प्रसंगात खरा पुतळा वापरलाय, कुठे नुसताच कॉम्प्युटर आहे, याची त्याची स्वतःची यादी आहे आणि ती तो जेवताना ऐकवतो.

ताई वैतागली. ‘‘अरे, पण त्यात गोष्ट काय असते? राक्षस येतो, माणसं पळतात, इमारती पडतात, संपलं.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘तूच लावलंस हे वेड.’’

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या तिच्या घरात सेव उसळीची वाटी हातात धरून मी गप्प राहिलो, कारण आरोप खरा होता. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते बरंच जुनं आहे. त्याचा एक धागा तर तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सापडतो.

आधी उन्हाळ्याचं. असले पिक्चर नेमके सुट्टीतच का येतात? मुलं मोकळी असतात म्हणून, हे झालं अर्धं उत्तर. अमेरिकेत एके काळी उन्हाळा म्हणजे सिनेमाच्या धंद्याचा पडता काळ होता. बंद दाराआड शेकडो माणसांच्या घामाच्या वासात दोन तास कोण बसणार? काही थिएटरं तर उन्हाळ्यात कुलूपच लावत. १९२५ च्या मे अखेरीस न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरजवळच्या रिव्होली थिएटरात विलिस कॅरियरनं आपली थंड हवेची यंत्रणा बसवली. पहिल्या दिवशी लोक सवयीप्रमाणे हातपंखे घेऊन आले होते. हवा गार होत गेली तसे ते पंखे एकेक करून मांडीवर आले. पुढची काही वर्षं थिएटरच्या दारावर सिनेमाच्या नावाइतकीच ठळक जाहिरात आतल्या गारव्याची असे. बडोद्यात मे महिन्यात दुपारी बारा ते चार बाहेर पडून बघितलेल्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको. आमच्या लहानपणी ‘वातानुकूलित’ ही पाटी वाचूनच निम्मा गारवा लागायचा.

गंमत म्हणजे त्याच १९२५ साली ‘द लॉस्ट वर्ल्ड’ आला, आणि विलिस ओब्रायनच्या बाहुल्यांनी पडद्यावर डायनासोर चालवून दाखवले. थंड हवा आणि डायनासोर एकाच वर्षी आले, तरी दोघांची गाठ पडायला आणखी पन्नासेक वर्षं जायची होती.

ती गाठ मारली एका माशानं. २० जून १९७५ ला ‘जॉज’ अमेरिकेत एकदम चारशेहून अधिक थिएटरांत लागला. तोवर मोठा पिक्चर आधी मोजक्या शहरांत लावायचा, बोलबाला झाला की हळूहळू पसरवायचा, अशी रीत होती. इथे टीव्हीवर जाहिरातींचा भडिमार करून सगळीकडे एकाच दिवशी धडक मारली. स्पीलबर्गचा यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून तो पडद्यावर कमीच दाखवला गेला, आणि भीती त्यामुळेच वाढली. मग २५ मे १९७७ ला ‘स्टार वॉर्स’ आला. पहिल्या दिवशी तो जेमतेम ३२ थिएटरांत होता, पण त्यानंतर उन्हाळा हा विज्ञानपटांचा हक्काचा हंगाम झाला. ‘ब्लॉकबस्टर’ हा शब्द मात्र याहून जुना. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या चार हजार पौंडी बॉम्बला वर्तमानपत्रांनी ते नाव दिलं होतं. अख्खी गल्ली उडवणारा तो. सिनेमावाल्यांनी युद्ध चालू असतानाच तो जाहिरातीत उचलला. आपल्याकडे ‘पिक्चरनं धमाका केला’ म्हणतात, त्यातही बारूदच आहे.

हा सगळा धंद्याचा भाग झाला. ताईचा प्रश्न धंद्याचा नव्हता. तिला विचारायचं होतं की हा मुलगा तिथे जाऊन नक्की बघतो काय.

त्यासाठी कलाभवनात जावं लागतं. आज तिथे विद्यापीठाची इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे, आणि फाटकासमोर चहा पिणाऱ्या पोरांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं तेव्हा पहिल्यावहिल्या विद्यार्थ्यांत मुंबईच्या जे. जे. मधून आलेला वीस वर्षांचा एक तरुण होता: धुंडिराज गोविंद फाळके. चित्रकला शिकला, मूर्तिकाम शिकला, वास्तुकला शिकला. प्राचार्य गज्जरांनी त्याची हुशारी हेरून त्याला रतलामला ब्लॉक आणि तीनरंगी छपाई शिकायला पाठवलं, आणि परत आल्यावर कलाभवनचा फोटोस्टुडिओ त्याच्या ताब्यात दिला. पुढे गोध्र्याला त्यानं स्वतःचा स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगानं बायको आणि मूल हिरावलं, तेव्हा फाळके पुन्हा बडोद्यात आले. इथेही फोटोचा धंदा चालेना. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी लोकांची समजूत होती.

मग फाळक्यांनी काय करावं? ते जादू शिकले. बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली, आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं प्रयोग केले. फाळके उलट वाचा.

सिनेमाच्या इतिहासात हे ठिकठिकाणी दिसतं. पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएसचं स्वतःचं जादूचं थिएटर होतं. १९०२ साली त्यानं तोफेतून अग्निबाण उडवून चंद्राच्या डोळ्यात रुतवला, आणि विज्ञानपटाचा जन्म बहुतेक जण तिथे धरतात. पलीकडे मेलिएस, अलीकडे केळफा, दोघेही मुळात जादूगार. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. जादूगाराला प्रेक्षकाच्या मनातली एक जागा नेमकी ठाऊक असते. समोरचं खोटं आहे हे प्रेक्षकाला माहीत असतं, आणि तरी तो डोळे फाडून बघतो, कारण त्याला पकडायचं असतं: हे केलं कसं?

फाळक्यांचा वाटाण्याचा वेल आठवा. १९१२ मध्ये लंडनला जाऊन, कॅमेरा खरेदी करून ते परतले. पिक्चर काढायचा तर भांडवल हवं, आणि ज्यांच्याकडे भांडवल त्यांचा विश्वास हवा. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून जास्त काळ एकेक चित्र टिपत राहिले. पडद्यावर मिनिटभरात अंकुर माती फोडून वर आला, पानं फुटली, वेल चढला. ‘अंकुराची वाढ’ असं त्याचं नाव. त्यात नायक नाही, खलनायक नाही. ताईच्या भाषेत गोष्टच नाही. पण त्या मिनिटावर पैसे उभे राहिले आणि ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढे ‘लंकादहन’मध्ये मारुती उडाला, ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन डोहात नागाशी झुंजली. आणि १९१७ साली फाळक्यांनी एक छोटा चित्रपट काढला, त्याचा विषयच ‘चित्रपट कसे तयार होतात’ हा. म्हणजे ‘कसं केलं’ हे वेगळं दाखवलं तरी लोक बघतील, हे त्यांनी शंभरावर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आमचा भाचा जेवताना जी यादी ऐकवतो ती याच वंशातली.

वाटाण्याचा वेल आणि ओब्रायनचे डायनासोर, दोन्हींचं तंत्र एकाच घरातलं. एक चित्र टिपायचं, थांबायचं, पुढचं टिपायचं. फाळक्यांच्या वेलाला मधल्या वेळात निसर्ग वाढवत होता. ओब्रायन बाहुलीचा पाय बोटानं केसभर सरकवत होता. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी असं कित्येकदा. ही बोटांची कला १९३३ च्या ‘किंग काँग’मधून पुढे रे हॅरीहाउसेनपर्यंत आणि तिथून फिल टिपेटपर्यंत आली. टिपेटनं ‘स्टार वॉर्स’च्या मालिकेत काम केलं होतं, आणि ‘ज्युरासिक पार्क’चे डायनासोर हलवायला स्पीलबर्गनं त्यालाच घेतलं.

इथेच वळण आलं. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीतल्या दोन-तीन जणांनी कॉम्प्युटरवर टी-रेक्सचा नुसता सांगाडा चालवून दाखवला. तो इतका सहज चालला की बाहुल्यांचा बेतच रद्द झाला. टिपेट म्हणाला, आता मीच नामशेष झालो. स्पीलबर्गनं ते वाक्य उचललं आणि पिक्चरमधल्या शास्त्रज्ञांच्या तोंडी घातलं. टिपेटला मात्र घरी पाठवलं नाही. प्राणी वजन कसं टाकतो, मान वळवण्याआधी खांदा कसा हलतो, हे कॉम्प्युटरवाल्यांना ठाऊक नव्हतं, टिपेटच्या बोटांना होतं. त्यानं ते त्यांना शिकवलं.

११ जून १९९३ ला आलेल्या त्या सव्वादोन तासांच्या आतल्या पिक्चरमध्ये डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं, आणि त्यातली कॉम्प्युटरची मिनिटं सहाच्या आसपास. बाकीचं काम स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यातल्या यंत्रांचं. टी-रेक्सचं यंत्र चाळीस फूट लांब होतं. पावसाच्या प्रसंगात त्याची कातडी पाणी प्यायची, यंत्र जड होऊन थंडीनं कुडकुडल्यासारखं थरथरायला लागायचं, आणि मग माणसं टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायची. ग्लासातल्या पाण्यावर उमटणाऱ्या त्या गोल लाटांसाठी गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणली होती, खालून एक जण ती छेडत होता. गर्जनेत हत्तीचं पिल्लू आहे, वाघ आहे, मगर आहे. हे सगळं मी आजही तोंडपाठ सांगतो, म्हणून ताईचा आरोप खरा.

आमच्याकडे तो १९९४ मध्ये आला, हिंदी बोलत. इंग्रजी पिक्चर तोवर आमच्यासाठी दादा लोकांचा, कॉलेजवाल्यांचा. हिंदीत आला आणि अख्खी आळी निघाली. मी बारा वर्षांचा. टॉकीजचं नाव सांगत नाही, कारण पाटी वातानुकूलितची होती आणि इंटरव्हलनंतर यंत्र बंद पडलं. भिंतीवरचे पंखे घरघरायला लागले. पडद्यावर पाऊस, आणि आम्ही घामानं निथळतोय. तेवढ्यात त्या ग्लासात पाणी हललं. माझ्या शेजारी धोतर नेसलेले एक गुजराती आजोबा होते, नातवाला घेऊन आलेले. टी-रेक्सनं कुंपण तोडून मान बाहेर काढली तेव्हा नातू डोळे झाकून बसला, आणि आजोबा पुढे झुकून स्वतःशीच म्हणाले, ‘‘आ तो साचुं लागे छे!’’ मला ते वाक्य पिक्चरच्या संवादांपेक्षा जास्त आठवतं. ‘खरं आहे’ असं ते म्हणत नव्हते, ‘खरं वाटतंय’ म्हणत होते. प्रोफेसर केळफाला हाच प्रेक्षक हवा असणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे मावसभाऊ कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गेलो. तिथे निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या. त्याआधी दहा वेळा पाहिलेला. त्या दिवशी मात्र आम्ही त्याच्याखाली वाकून कुठल्या तारेनं, कुठल्या खिळ्यानं तो धरलाय ते शोधत होतो. रखवालदारानं हाकललं.

तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि सांगणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसेल, की अस्सल माल बडोद्याहून दोनेक तासांच्या रस्त्यावर होता. बालासिनोरजवळ रैयोलीला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना हाडं मिळाली, अंडी मिळाली. १९८२ ते १९८४ मध्ये तिथून काढलेल्या हाडांत एक कवटीचा भाग होता, डोक्यावर आखूड शिंग असलेल्या मांसाहारी प्राण्याचा. आम्ही घामेजून अमेरिकेचा टी-रेक्स बघत होतो तेव्हा ही हाडं दहा वर्षं निनावी पडून होती. २००३ मध्ये त्यांना नाव मिळालं: राजासॉरस नर्मदेन्सिस. नर्मदाकाठचा राजा. तो क्रिटेशस काळाच्या अखेरचा, म्हणजे ज्या लाव्हानं सह्याद्री रचला त्याच्या काळातला. टी-रेक्सही क्रिटेशसचाच. ‘ज्युरासिक’ हा त्याआधीचा काळ, ते नाव पिक्चरला शोभलं, एवढंच.

रैयोलीचं म्युझियम २०१९ च्या जूनमध्ये उघडलं. भाच्याला तिथे घेऊन गेलो तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा होता. बाहेरच्या पुतळ्यापाशी त्यानं पहिलं काम काय केलं, तर पोटावर बोटानं टकटक केली. ‘‘मामा, आतून पोकळ आहे.’’ मग रानातल्या खडकात रुतलेल्या हाडावर तसंच केलं. बराच वेळ तिथे उकिडवा बसून राहिला. परतताना गाडीत एक शब्द बोलला नाही, त्यामुळे ताईला वाटलं होतं की त्याला ऊन लागलं.

तर हा नवा पिक्चर कसा असेल, सांगता येत नाही. ट्रेलरवरून तरी जास्तच चकचकीत वाटतो. पावसात भिजून थरथरणारं यंत्र त्यात नसेल, आणि त्याची मला थोडी रुखरुख आहे. काल रात्री भाच्याचा निरोप आला: साडेआठला खाली उभा राहा, उशीर नको. पाठोपाठ दुसरा: स्वेटर आण, आत एसी फार असतो.

बडोद्यात काल बेचाळीस अंश होतं. माळ्यावरची ट्रंक उघडून स्वेटर काढला, डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय म्हणून गॅलरीत वाळत घातलाय.