गाणं कानाचं, गुण डोळ्यांचे

सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरात एखाद्या गायिकेची मैफल असली, की मध्यंतरात चहा घेताना काय बोललं जातं ते आठवून बघा. "साडी काय झकास नेसलीय ओ!" "फोटोत बारीक दिसते की." मग कुणीतरी म्हणतं, "आवाज पण गोड आहे हं." गायक असेल तर गप्पा थेट विलंबितापासून, म्हणजे संथ लयीतल्या गाण्यापासून, सुरू होतात. त्याच्या सुटलेल्या पोटाचा विषय कुणी काढत नाही.

ही निव्वळ टवाळी असती तर सोडून देता आली असती. अडचण अशी, की बोलणाऱ्याला मनापासून वाटत असतं, आपण गाण्यावरच बोलतोय. संशोधन मात्र सांगतं, की आवाजाबद्दलचं मत बनेपर्यंत डोळ्यांनी त्यात आपला हात फिरवलेला असतो.

मायकल शुट्झ आणि स्कॉट लिप्सकॉम यांचा २००७ मधला प्रयोग बघा. मारिंबा हे आपल्या काष्ठतरंगाच्या जातीचं वाद्य. लाकडी पट्टीवर काठीचा आघात केला, की सूर उमटतो आणि विरतो. आघातानंतर हात ऐटीत लांब नेला काय किंवा झटकन आवरला काय, पट्टीच्या नादात फरक पडत नाही. न बघता नुसतं ऐकणाऱ्यांना तो जाणवलाही नाही. पण व्हिडिओ दाखवल्यावर त्याच लोकांना लांब हाताचा सूर जास्त वेळ टिकलेला ऐकू आला. चित्राकडे लक्ष देऊ नका, फक्त आवाजावर बोला, असं सांगूनही! आपला मेंदू कान आणि डोळे यांची माहिती आधी एकत्र करतो आणि मग तयार अनुभव आपल्या हाती ठेवतो. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी हेच बोलण्याच्या बाबतीत दाखवलं होतं: ओठ ‘गा’ म्हणणारे, आवाज ‘बा’चा, आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं ‘दा’.

सुराची लांबी जर डोळे बदलू शकतात, तर ‘तयारी’, ‘भाव’ असल्या मोघम गोष्टींचं काय होत असेल?

ब्रिटनमधल्या नूला ग्रिफिथ्स यांनी हे कपड्यांवरून तपासलं. व्हायोलिन वाजवणाऱ्या तरुणींचं चित्रण केलं. तीच वादक एकदा जीन्समध्ये, एकदा नाइटक्लबला शोभेल अशा तंग पोशाखात, एकदा मैफलीच्या लांब झग्यात. मेख अशी, की चित्रणाखाली एकाच रचनेचं एकच ध्वनिमुद्रण जोडलेलं होतं. म्हणजे गजाची फिरत, सुराचा लगाव, सगळं तंतोतंत तेच. तरीही तंग पोशाखात वादकाच्या तंत्राला आणि संगीताच्या समजेला कमी गुण पडले. आणि गुण देणारे संगीतातलेच होते, रस्त्यावरून धरून आणलेले नव्हते.

देखणेपणाचा फायदाही होतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले जोएल वॅपनिक यांनी १९९० च्या दशकात गायक, व्हायोलिनवादक अशांवर प्रयोग केले. (हे गृहस्थ १९९९ चे स्क्रॅबलचे जगज्जेते. संगीताच्या प्राध्यापकाला हा छंद असावा याची मला मोठी गंमत वाटते.) चित्र दिसत असताना चांगल्या दिसणाऱ्यांना जास्त गुण देण्याकडे परीक्षकांचा कल आढळला. एका गुणाची झाक दुसऱ्यावर पडते हे जुनंच निरीक्षण आहे. लष्करातले अधिकारी हाताखालच्यांना गुण देताना हीच चूक करतात, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवलं होतं.

मग बाईच्या वाट्याला काय येतं? साधी दिसली तर ‘स्टेजवर उठून दिसत नाही’, नटली तर ‘गाण्यापेक्षा दिसण्याकडेच लक्ष’. दोन्हीकडून मार. २०१४ मध्ये इंग्लंडच्या ग्लाइंडबर्न महोत्सवात तारा एरॉट या गायिकेच्या बांध्यावर वृत्तपत्रांतल्या समीक्षकांनी असं लिहिलं, की त्यावर जगभर वाद पेटला. त्याआधी, २०११ मध्ये, अमेरिकेतल्या हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावर पियानोवादक यूजा वांग यांच्या वादनापेक्षा त्यांच्या आखूड पोशाखाचीच जास्त चर्चा झाली. एकीची जाडी, दुसरीची मांडी. संगीत दोन्हीकडे मागे पडलं.

हिराबाई बडोदेकरांना हे पक्कं ठाऊक असणार. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या सुरुवातीच्या गायिकांत त्यांचं नाव येतं. त्या काळात मंचावर गाणाऱ्या बाईकडे लोक कोणत्या नजरेनं बघत हे सांगायला नको. साधी साडी, नीट घेतलेला पदर, अदाकारीला फाटा, अशी त्यांची बैठक. त्या साधेपणामागे स्वभाव होताच, पण श्रोत्यांच्या डोळ्यांसाठी केलेली ती योजनाही होती, असं मला वाटतं.

यावर पडद्याचा उपाय निघाला. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांनी उमेदवाराला पडद्याआड वाजवायला लावलं, बुटांच्या आवाजावरून ओळख पटू नये म्हणून गालिचाही घातला. तिथल्या पाच नामवंत ऑर्केस्ट्रांत १९७० पर्यंत बायका पाच टक्क्यांहून कमी होत्या, १९९० च्या दशकात ते प्रमाण २५ टक्क्यांच्या घरात गेलं. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउझ या अर्थतज्ज्ञांनी २००० मध्ये या वाढीचं बरंच श्रेय पडद्याला दिलं. पुढे इतरांनी आकडेवारी तपासली आणि ती इतका मोठा दावा पेलण्याइतकी भक्कम नाही, असा आक्षेप घेतला. तो मला पटतो. पडद्यानं फायदाच झाला नाही, असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

आपल्याकडे आकाशवाणीच्या ऑडिशनमध्ये हीच रीत आहे: परीक्षकांपुढे नाव नाही, चेहरा नाही, फक्त आवाज. त्यावर ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’ अशा श्रेण्या मिळतात. सतार किंवा व्हायोलिन असेल तर पडदा सगळं झाकतो. गळा मात्र बाईचा की पुरुषाचा ते लगेच सांगून टाकतो. गायिका गंगूबाई हनगलांचा अपवाद. घशाच्या उपचारांनंतर भरदार झालेला त्यांचा आवाज नवख्यानं डोळे मिटून ऐकला, तर पुरुष गातोय असंच त्याला वाटेल.

चिया-जुंग त्साई यांच्या २०१३ च्या प्रयोगाचा फार बोलबाला झाला. पियानो स्पर्धांतल्या पहिल्या तिघांपैकी विजेता कोण, हे लोकांनी आवाज बंद केलेल्या चित्रफितीवरून जास्त अचूक ओळखलं, नुसत्या आवाजावरून नाही. पण २०१८ मध्ये सॅम्युएल मेहर आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या चित्रफिती घेतल्या, तेव्हा निकाल तसाच येईना. त्यामुळे ‘संगीत म्हणजे डोळ्यांचाच खेळ’ असं कुणी ठासून सांगितलं तर मान डोलावू नका.

शिवाय ख्यालात हात बोलतात. तान कुठे वळणार, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे येणार हे गायिकेच्या हातावरून तबलजीला कळतं, पुढच्या रांगेतल्या जाणकारालाही कळतं. मार्टिन क्लेटन यांच्यासारख्या संशोधकांनी या हालचालींचा बारकाईनं अभ्यास केलाय. तेव्हा मैफलीत डोळे मिटून बसा, असं मी म्हणणार नाही.

स्पर्धांचं मात्र वेगळं. आपल्या शाळा-कॉलेजांच्या गायन स्पर्धांत पहिली फेरी मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणावर घ्यायला पैसा लागत नाही. नावाऐवजी क्रमांक द्यायचा, परीक्षकांनी इअरफोन लावायचे, झालं. अंतिम फेरी समोरासमोरच व्हावी. पण गुणपत्रिकेत ‘सादरीकरण’ असा रकाना असेल, तर त्यात काय मोजायचं ते परीक्षकांना आधी लिहून द्यावं: बैठक, साथीदारांशी मेळ, वेळेचं भान. साडी, दागिने, रंग आणि वजन यांना त्यात एकही गुण नाही, हेही त्याच कागदावर छापावं.