ठकी जेवत नाही

"मावशी, सतरा दिवस झाले, ठकीनं कशाला तोंड लावलेलं नाही."

लीड्समध्ये रात्रीचे साडेअकरा, म्हणजे आमच्याकडे पहाटेचे चार. भाच्याचा आवाज असा काही लागला होता की मी दचकून उठून बसले. मग ठकी कोण ते आठवलं आणि पुन्हा आडवी झाले. ठकी म्हणजे त्यानं पाळलेलं टॅरंटुला कोळ्याचं पिल्लू. पाय पसरून बसली तर रुपयाच्या नाण्यावर मावेल एवढी. जात मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडची, पाळणाऱ्यांच्या बोलीत 'रेड नी'. मोठेपणी पायांच्या सांध्यांवर शेंदरी पट्टे येतात म्हणून हे नाव. ठकीचे अजून यायचेत. सध्या ती फिकट तपकिरी, पोटावर काळा डाग असलेली एक केसाळ बोंडली आहे. आणि ती ठकी आहे की ठक्या, हेही अजून कुणाला ठाऊक नाही.

हा मुलगा लहानपणी जेवायचा नाही. माझी बहीण वरणभाताची ताटली घेऊन त्याच्यामागे अख्खी चाळ पालथी घालायची. आता तोच एका कोळ्यामागे रातकिड्याची तंगडी घेऊन फिरतोय म्हटल्यावर मला हसू आवरेना. पण त्याची काळजी खोटी नव्हती. मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे नातेवाइकांच्या घरी जे काही सरपटतं, उडतं, चावतं त्याची चौकशी माझ्याकडेच येते. त्या पहाटे झोपेत जे तुटक सांगितलं, ते इथे जरा नीट सांगते.

टॅरंटुलाची मादी रेशमाची पिशवी विणून त्यात अंडी घालते. रेड नीच्या एका पिशवीत काही शे अंडी असतात. अंड्यातून जे बाहेर पडतं त्याला पिल्लू म्हणायलाही जीव धजत नाही. पांढरट अंड्यालाच आठ पाय चिकटवल्यासारखं ते दिसतं. त्याला शिकार करता येत नाही, खाताही येत नाही, आणि त्याची गरजही नसते. अंड्यातला बलक त्याच्या पोटात शिल्लक असतो, त्यावर ते दिवस काढतं आणि कात टाकतं. पिशवीबाहेर पडून स्वतःच्या पायांवर उभं राहीपर्यंत ही शिदोरी पुरते. म्हणजे आयुष्याची सुरुवातच उपासानं होते. बलक संपला की मात्र भूक लागते, आणि मग शेजारचं भावंडही चालतं. म्हणूनच ही पिल्लं विकणारे लोक त्यांना वेळेवर वेगवेगळ्या डब्यांत टाकतात.

ठकी जेवते कशी, ते मी व्हिडिओवर पाहिलंय. औषधाच्या बाटलीपेक्षा थोडा मोठा डबा, तळाशी ओलसर माती, कोपऱ्यात तिनं पोखरलेलं छोटंसं बीळ. तोंडाशी दोनचार रेशमाचे धागे. भाचा चिमट्यानं रातकिड्याचा मागचा पाय मातीवर ठेवतो. नुसता पाय, रातकिडा नाही. दहा मिनिटं काहीच होत नाही. मग बिळातून दोन पाय बाहेर येतात, मातीवर टेकत टेकत पुढे सरकतात आणि त्या तंगडीला लागताच थबकतात. ठकीला आठ डोळे आहेत, पण त्यांचा तिला फारसा उपयोग नाही. ती पायानं चव घेते. पायांच्या आणि तोंडाजवळच्या दोन आखूड सोंडांच्या टोकांवर असे केस असतात की लागलेली वस्तू खाण्याची आहे की खडा, ते स्पर्शातच कळतं. पायांवरचे आणखी काही केस इतके नाजूक असतात की किड्याच्या हालचालीनं हललेली हवासुद्धा त्यांना जाणवते. शिवाय पायांच्या कवचात बारीक चिरा असतात, त्या जमिनीची थरथर टिपतात. हे सगळं घडलं आणि मग ठकीनं झडप घातली, तीही मेलेल्या तंगडीवर. झडप झाली तेव्हा भाच्यानं 'शाब्बास!' म्हटलेलं व्हिडिओत ऐकू येतं.

मेलेलं खाणं हा काही पाळण्यातला लाडावलेपणा नाही. एवढ्याशा पिल्लाला आपल्या पोटाएवढा किडा दिला, तर बऱ्याचदा तेच पळून जातं. त्यापेक्षा आयता सापडलेला तुकडा बरा. म्हणून पिल्लांना रातकिड्याची तंगडी, मीलवर्म नावाच्या अळीचा कापलेला तुकडा, नाहीतर पंख नसलेल्या जातीची फळमाशी देतात. फळमाशी म्हणजे आपल्याकडे पिकल्या केळ्यांवर घोंघावतात ती केमरं.

आता घास घेतला, पण गिळायचा कसा? इथे कोळ्यांच्या शरीराची एक गंमत आहे. वर्गात सांगितली की मागच्या बाकावरचीही मुलं मान वर करायची. कोळ्याची अन्ननलिका त्याच्या मेंदूच्या मधून जाते. मेंदू नळीभोवती कडं करून बसलेला असतो. साहजिकच नळी बारीक, आणि तिच्यातून घन पदार्थ जाणं शक्यच नाही. त्यामुळे ठकी अन्न बाहेरच पचवते. टॅरंटुलाचे सुळे शेजारीशेजारी असून वरून खाली उतरतात, कुदळीसारखे. त्यांनी भक्ष्य धरायचं, जबड्यानं चुरडायचं, त्यावर पोटातला पाचक रस ओकायचा आणि मांसाचं पातळ पेज झालं की ते शोषायचं. तोंडाशी केसांची दाट गाळणी असते. शोषण्याचं काम करतं ते शोषक जठर. त्याच्या भिंतींना स्नायू जोडलेले असतात. ते आवळले की जठर पसरतं आणि रस आत ओढला जातो, हापशासारखा. एक तंगडी संपवायला ठकीला तास-दोन तास सहज लागतात. शेवटी उरतो तो चोथ्याचा एक घट्ट गोळा.

खाताना ती आणखी एक करते. भक्ष्य तोंडात धरून जागच्या जागी हळूहळू गिरक्या घेते आणि जमिनीवर रेशमाची चटई अंथरते. पाळणारे याला कौतुकानं नाच म्हणतात. टॅरंटुला हे नाव इटलीतल्या तारांतो गावावरून आलं. कोळी चावला की माणसानं घाम फुटेपर्यंत नाचायचं, असा तिथे समज होता. गंमत म्हणजे तारांतोचा तो कोळी या कुळातला नव्हताच, वेगळ्याच कुळातला होता. नाव मात्र या केसाळ मंडळींना चिकटलं आणि चिकटलंच. जाती ओळखण्यातही असाच गोंधळ. कित्येक वर्षं बाजारात ज्या नावानं रेड नी विकल्या गेल्या, त्यातल्या बऱ्याच खरं तर जवळच्याच दुसऱ्या जातीच्या, ब्राकिपेल्मा हामोरीच्या निघाल्या. मेक्सिकोतल्या संशोधकांनी २०१७ साली या सगळ्यांची नीट वाटणी केली. ठकी त्या दुसऱ्या जातीची.

बरं, सतरा दिवसांचा उपास. मी भाच्याला विचारलं, पोट कसं दिसतंय? "टम्म. आणि चकचकीत. गडद झालंय." मग मला घोर उरला नाही.

कोळ्याच्या पुढच्या भागाचं कवच टणक असतं, ते ताणत नाही. पोटाची कातडी मात्र मऊ असते, ती फुग्यासारखी भरते. खाल्लेलं सगळं आतड्याला फुटलेल्या शाखांमध्ये साठतं. पण किती भरलं तरी अंगाची मापं बदलत नाहीत, त्यासाठी कात टाकावी लागते. पिल्लं दर काही आठवड्यांनी कात टाकतात, मोठे टॅरंटुला वर्षातून एकदा किंवा त्याहूनही क्वचित. जुन्या कातडीखाली नवी तयार होऊ लागली की पोट चकचकतं, काळपट दिसू लागतं आणि भूक बंद होते. या पिल्लांच्या जेवणाचं घड्याळ असतं ते कातडीत.

भूक बंद का होते याचं उत्तर कात हातात घेऊन पाहिलं की कळतं. कोळी फक्त बाहेरचा अंगरखा काढत नाही. सुळ्यांचं आवरण, तोंडाचा आतला भाग, घशाचं अस्तर आणि त्या शोषक जठराचंही अस्तर, हे सगळं जुन्या कातडीबरोबर ओढून बाहेर काढतो. आपण जेवणाचं ताट, वाटी आणि घसाही बदलायला काढलाय, असं समजा. त्या काळात जेवणार कशानं? मोठ्या पिल्लाची कात पाण्यात मऊ करून भिंगाखाली उलगडली, तर पोटाकडच्या भागावरून मादी आहे का नर तेही कळतं. भाचा त्यासाठीच ठकीची प्रत्येक कात आगपेटीत जपून ठेवतो.

कात टाकताना बहुतेक टॅरंटुला पाठीवर उताणे पडतात. नवख्या माणसाचा इथे हमखास जीव खालीवर होतो. मेली असं वाटून पुष्कळ जण चिमट्यानं हलवून पाहतात आणि नेमकं तेव्हाच नुकसान होतं. मेलेला कोळी सहसा उताणा पडलेला नसतो, पाय पोटाखाली मुडपलेला असतो. त्याचं कारणही सांगून टाकते. कोळ्याच्या पायांच्या काही महत्त्वाच्या सांध्यांत पाय मिटायला स्नायू असतात, उघडायला नसतात. तिथे पाय उघडतो तो रक्ताच्या दाबानं, जेसीबीच्या दांड्यासारखा. दाब गेला की पाय आपोआप मिटतात. अंगातलं पाणी कमी झालं तरी दाब उतरतो. म्हणून पिल्लाच्या बाबतीत मी काळजी करीन ती पाण्याची. त्याची कातडी पातळ, पाणी झपाट्यानं उडतं. मातीचा एक कोपरा ओलसर असला पाहिजे. लीड्समध्ये हिवाळ्यात घर तापवतात, हवा कोरडी ठणठणीत होते, आणि भाच्याला मी त्याबद्दल दोनदा दटावलंय.

दुसरी काळजी उलटी. न खाणाऱ्या पिल्लाच्या डब्यात जिवंत रातकिडा तसाच सोडून देणं. कात टाकलेला टॅरंटुला मेणाइतका मऊ असतो. त्याचे सुळे आधी पांढरे, मग लालसर, मग काळे होतात, तोवर तो चावूही शकत नाही. अशा वेळी भुकेला रातकिडाच त्याला कुरतडतो. भक्ष्यानं भक्षकाला खाल्ल्याच्या कहाण्या या मंडळींकडे भरपूर ऐकायला मिळतात. चोवीस तासांत खाल्लं नाही तर किडा उचलायचा, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ.

आणि उपासाला भ्यायचं तर मुळीच नाही. टॅरंटुला स्वस्थ बसला की त्याच्या शरीराचा खर्च अगदी किरकोळ असतो. चिलीमधल्या गुलाबी छटेच्या टॅरंटुलाच्या मोठ्या माद्या महिनोन्‌महिने काही न खाता राहिल्याचं पाळणाऱ्यांना चांगलंच माहीत आहे. पिल्लाची शिदोरी लहान म्हणून त्याचा उपास आठवड्यांत मोजायचा, एवढाच फरक. उलट भरभरून खायला घालणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. डबा उबदार ठेवून वारंवार खायला घातलं की पिल्लू भराभर वाढतं खरं, पण फुगलेलं पोट ओझं होतं. पातळ पिशवीच ती, उंचीवरून पडलं की फाटते. पुढे पाहुण्याला दाखवायला लवकर मोठा कोळी हवा, यापलीकडे त्या घाईचं कारण मला दिसत नाही. रेड नीची मादी वीस वर्षांहून जास्त जगते. तिला काय घाई आहे?

हा सगळा प्रकार ऐकून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, मॅडम, आपल्याकडे पाळता येईल का? पाळायच्या आधी बघ, असं मी त्याला म्हटलं. आपल्या पश्चिम घाटात जमिनीत बिळं करणारे टॅरंटुला आहेत आणि झाडांच्या ढोल्यांत राहणारे पिसिलोथेरिया प्रजातीतलेही आहेत. आंध्रातल्या गुट्टीचा निळाशार पिसिलोथेरिया ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकनं १८९९ साली नोंदवला तो तिथल्या रेल्वेच्या लाकडाच्या साठ्यात सापडलेल्या नमुन्यावरून. आज त्याची जंगलातली जागा इतकी थोडी उरलीय की तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. २०१९ पासून या प्रजातीतल्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन घालणाऱ्या करारात आल्यात, रेड नी तर त्याच्या कितीतरी आधीपासून. आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या आपल्या सुधारित वन्यजीव कायद्यात या कराराच्या यादीतले परदेशी प्राणी बाळगायचे तर नोंदणी करावी लागते. या ढोलीवाल्यांची पिल्लं एक बाबतीत ठकीपेक्षा वेगळी. आईच्याच ढोलीत ती बरेच दिवस एकत्र राहतात, आणि एकमेकांना खाण्याची घाई करत नाहीत. एका ढोलीत एवढे पाय कसे मावतात हे मात्र प्रत्यक्ष पाहायला हवं, सांगून पटत नाही.

पहिल्या फोननंतर नवव्या दिवशी भाच्याचा फोटो आला. डब्यात दोन ठक्या. एक रिकामी, पाठ उघडलेली, दुसरी तिच्या शेजारी ओली, फिकट, पाय लांबवून पडलेली. "आता देऊ?" सुळे पाठव, मी लिहिलं. सुळे पांढरे होते. थांब. तीन दिवसांनी लालसर. अजून थांब. त्यानंतर जवळजवळ आठवड्यानं काळे झाले, आणि त्यानं या वेळी अख्खा छोटा रातकिडा दिला, तंगडी नाही.

सकाळी तो रातकिडा डब्यात कुठेच नव्हता. ठकी बिळात. पाण्यासाठी ठेवलेल्या बाटलीच्या टोपणात मात्र, नेमकं मधोमध, चोथ्याचा काळा गोळा तरंगत होता. टॅरंटुलांची ही जुनी खोड आहे, खरकटं पाण्यात टाकायची. भाच्यानं फोटो पाठवून खाली लिहिलं होतं, "हिला आईकडे पाठवायला पाहिजे."