व्हेपर लॉक म्हणता, पण पेट्रोल तर ओव्हरफ्लो झालंय

अमेरिकेतला भर उन्हाळा. १९७० ची शेव्हरोलेची शेव्हेल एसएस गाडी तासभर मस्त पळते, गॅस स्टेशनवर थांबते आणि पंधरा मिनिटांनी स्टार्टर नुसताच घरघरतो. भोवती जमलेला जो तो सांगतो, "व्हेपर लॉक!" अशा वेळी हे निदान बऱ्याचदा चुकतं, कारण गाडीला पेट्रोल कमी पडलेलं नसतं, जास्त झालेलं असतं.

खरा व्हेपर लॉक म्हणजे पेट्रोलचा तुटवडा. या गाड्यांची टाकी मागे, आणि मेकॅनिकल पंप पुढे इंजिनलाच बोल्टने बसवलेला. (आपले जुने मेकॅनिक त्याला 'एसी पंप' म्हणतात. एसी हे जनरल मोटर्सच्याच पार्ट बनवणाऱ्या शाखेचं नाव.) पंप पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब उतरतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. वाफ झाली की पंपाला ती पुढे ढकलता येत नाही. घाटात फियाट बंद पडली की पंपावर ओलं फडकं टाकायचे, तो हाच आजार. ओळख सोपी आहे: गाडी बहुधा चालता चालता, ट्रॅफिकमध्ये नाहीतर चढावर, धापा टाकत बंद पडते.

दुसऱ्या आजाराचं नाव पर्कोलेशन. हा गाडी बंद केल्यावर सुरू होतो. पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डची (सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांचा जुडगा) सगळी धग वर कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागाला, लागते. त्यात व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनांत थंडीसाठी मुद्दाम एक सोय असते: एक्झॉस्टचा गरम वायू कार्बोरेटरच्या खालून फिरवलेला. मग कार्बोरेटरच्या बाऊलमधलं, म्हणजे त्याच्या छोट्या साठवण-वाटीतलं, पेट्रोल चहासारखं उतू येतं आणि नोझलमधून खाली ठिबकत राहतं. गाडी बंद करताना ठणठणीत असते, रडते ती पुन्हा सुरू करताना. सुरू झालीच तर काळा धूर सोडते.

शंका असेल तर इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढा आणि टॉर्चने आत बघा. अग्निशामक हाताशी हवा, आणि कुणी स्टार्टर मारत असताना तोंड वर न्यायचं नाही. आत ओलं, वाफा, पेट्रोलचा भपकारा असेल तर पर्कोलेशन. कोरडं दिसलं तरच हाताने थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) हलवा; पेट्रोलची पिचकारी उडाली नाही तर बाऊल बहुधा रिकामा आहे, म्हणजे पेट्रोलचा तुटवडा.

उपाय एकमेकांच्या उलटे आहेत. पर्कोलेशनमध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरायचा आणि स्टार्टर मारायचा, म्हणजे हवा जाऊन आतलं ओलं सुकतं. पाय पंपासारखा मारलात तर आणखी पेट्रोल ओताल. व्हेपर लॉकमध्ये पाय मारून काहीच होत नाही. थंड होऊ द्यावं लागतं.

कायमच्या दुरुस्तीत लोक सर्रास टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावतात. व्हेपर लॉकवर तो रामबाण, कारण पेट्रोल ओढण्याऐवजी ढकललं जातं. नळी एक्झॉस्टपासून लांब नेणं आणि जादा पेट्रोल टाकीकडे परत नेणारी रिटर्न लाइन देणं हेही त्याचेच उपाय. पर्कोलेशनवर मात्र पंपाचे पैसे वाया. तिथे कार्बोरेटरखाली अर्ध्या इंचाचा फिनोलिक स्पेसर (उष्णता अडवणारी जाड चकती) घाला (आधी बॉनेट बंद होतंय ना बघा), आणि एक्झॉस्टमधला हीट रायझर व्हॉल्व्ह (गरम वायू कार्बोरेटरखाली वळवणारी झडप) गंजून बंद अडकलाय का ते तपासा. तो अडकला असेल तर भर उन्हातही मॅनिफोल्ड तापवत राहतो.

हल्लीचं पेट्रोल दोन्ही आजार वाढवतं. ते इंजेक्शनच्या गाड्यांसाठी बनतं, जिथे पंप टाकीतच असतो आणि दाब कितीतरी जास्त. हिवाळ्यासाठीचं पेट्रोल तर आणखी लवकर उडतं. ते टाकीत असताना वसंतात अचानक ऊन तापलं की या गाड्या हटकून रुसतात.

आणि थंड इंजिनावरही नोझलमधून ठिबकत असेल तर उष्णतेला दोष देऊ नका. नीडल आणि सीट (बाऊलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई आणि तिची बैठक) काढून बघा. बहुधा कचरा अडकलेला असतो.