रंगाचा अनुभव वेगळा, रंगाचं ज्ञान वेगळं

जन्मांध माणसाला लाल रंग समजावा म्हणून हातात गरम दगड द्यायचा, निळ्यासाठी बर्फ. ही कल्पना दर थोड्या दिवसांनी कोणीतरी नव्याने मांडतं. हेतू चांगलाच असतो, पण दोन गोष्टींची गल्लत होते.

रंगाचा अनुभव डोळस वाचकाला ठाऊकच आहे. मोठेपणी दृष्टी गेलेल्यांकडे त्याची आठवण असते, जन्मांधांकडे नसते. गरम दगडातून तो मिळत नाही. मिळते ती फक्त उष्णता.

रंगाचं ज्ञान मात्र जन्मांधांकडे असतं, आणि खरा घोळ इथेच आहे. गवत हिरवं, कोळसा काळा अशा ऐकून पाठ केलेल्या जोड्या, एवढंच ते असेल असं लोक धरून चालतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जन्मांध आणि डोळस प्रौढांना विचारलं गेलं, की एकाच प्रकारच्या दोन वस्तूंचा रंग सारखा असण्याची शक्यता किती? दोन केळ्यांचा सारखा असेल, दोन गाड्यांचा असेलच असं नाही, हे दोन्ही गटांनी सांगितलं. केळ्याचा रंग त्याच्या घडणीतून येतो, गाडीचा माणूस ठरवतो, ही कारणंही जुळली. कधीच न ऐकलेल्या काल्पनिक वस्तूंबाबतही तर्क तोच राहिला. घोकंपट्टीने हे जमत नाही. उलट कुठल्या वस्तूचा रंग कोणता, ही सुटी माहितीच त्यांच्याकडे थोडी कमी असते.

‘लाल म्हणजे उष्ण’ हे तर ज्ञान म्हणूनही चूक. लोखंड तापताना आधी लाल होतं, आणखी तापलं की पिवळं, मग पांढरं. गॅसची निळी ज्योत काजळी धरणाऱ्या पिवळ्या ज्योतीपेक्षा जास्त तापते.

त्यापेक्षा रंग कशामुळे बदलतो ते सांगा. कच्चं केळं हिरवं, पिकलं की पिवळं, फार पिकलं की काळे डाग पडतात; तोवर वास गोडसर होतो, बोटांना ते मऊ लागतं. नारिंगी हा लाल आणि पिवळ्याच्या मधला, हे नातं शब्दांतूनच कळतं.

कपड्यांसाठी बोलकं रंगओळख यंत्र असतं. ते कापडावर सपाट टेकवायचं. फट राहिली की बाहेरचा उजेड शिरतो आणि उत्तर चुकतं. नक्षीचं कापड तीन-चार ठिकाणी तपासायचं. फोनमधलं अ‍ॅप पिवळ्या दिव्याखाली पांढऱ्याला क्रीम म्हणू शकतं. काळा आणि गडद निळा यांत चूक हमखास होते, म्हणून ते एकदा डोळस माणसाकडून खात्री करून घ्यावेत आणि निळ्याच्या आतल्या शिवणीला छोटं बटण शिवून टाकावं.