उताऱ्याची सरासरी कुठल्या हंगामाची?

कोल्हापूर जिल्ह्यात ऊस आंदोलन पेटतं दरावरून, पण दर ठरतो साखर उताऱ्याच्या, म्हणजे शंभर टन उसातून किती टन साखर निघाली त्या आकड्याच्या, सरासरीवर. ती काढायची रीत जुनीच. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात, वेगवेगळ्या कसाचं (शुद्धतेचं) सोनं एकत्र आटवलं तर प्रत्येक तुकड्याचं वजन आणि कस गुणून आलेल्या बेरजेला एकूण वजनानं भागायला सांगितलं आहे.

कारखान्यातही हिशेब हाच. रोजच्या गाळप अहवालात आजचा उतारा आणि आजअखेरचा उतारा असे दोन आकडे असतात. समजा, नोव्हेंबरातल्या एका दिवशी २,००० टन ऊस ९ टक्के उताऱ्यानं गाळला आणि जानेवारीतल्या एका दिवशी ८,००० टन १२ टक्क्यांनी. दोन टक्केवाऱ्यांची नुसती सरासरी १०.५ येते. साखर मात्र १८० अधिक ९६०, म्हणजे १,१४० टन निघाली. १०,००० टनांवर उतारा झाला ११.४. २०२४-२५ च्या एफआरपीनं, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दरानं (१०.२५ टक्के या पायाभूत उताऱ्याला टनास ३,४०० रुपये, पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३३ रुपये २० पैसे) हा फरक टनामागे जवळपास २९९ रुपयांचा आहे. या भागाकारावर कुणाचं दुमत नाही. भांडण आहे ते सरासरी कुठल्या हंगामाची धरायची यावर.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. चालू हंगामाची सरासरी तर गाळप संपल्याशिवाय कळतच नाही. म्हणून मागच्या हंगामाचा उतारा धरून एकरकमी एफआरपी द्यायची पद्धत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं ती मोडली. पुणे आणि नाशिक महसूल विभागांत, म्हणजे कोल्हापुरातही, पहिला हप्ता एफआरपीचा पायाभूत उतारा धरून द्यायचा आणि उरलेले पैसे हंगाम संपून त्या वर्षीचा उतारा निघाल्यावर.

कारखानदारांचं म्हणणं असं, की पुरात बुडालेल्या उसाला आदल्या वर्षीचा उतारा लावला तर न निघालेल्या साखरेचे पैसे मोजावे लागतात. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या शिरोळ-करवीरात हे खोटं म्हणता येणार नाही. पण मागच्या हंगामाची सरासरी चुकली तर ती दोन्हीकडे चुकते, कधी कारखान्याला तोटा, कधी शेतकऱ्याला. हप्त्यांत मात्र थांबायचं ते फक्त शेतकऱ्यानं. २०२२-२३ मध्ये पायाभूत १०.२५ टक्क्यांना टनास ३,०५० रुपये आणि पुढच्या ०.१ टक्क्याला ३० रुपये ५० पैसे होते. १२ टक्के उताऱ्याच्या कारखान्यात टनामागे ५३३ रुपये ७५ पैसे हंगाम संपेपर्यंत अडकणार, आणि सोसायटीच्या कर्जाचं व्याज तोवर चालूच. जिथं उतारा चांगला, तिथंच जास्त पैसे अडकले. हे कोल्हापूरवर अन्यायाचंच होतं. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला.

आता गुंता इथेनॉलचा आहे. बी-हेवी मळी (सगळी साखर न काढता बाजूला काढलेली मळी) इथेनॉलकडे वळवली की पोत्यात साखर कमी पडते आणि उतारा खाली दिसतो. त्यामुळे वळवलेली साखर हिशेबात परत मिळवून मगच एफआरपीसाठी उतारा काढावा लागतो. ही वाढ किती टक्के धरली, तो आकडा प्रत्येक ऊसबिलावर छापायला हवा.