कॉकाटीलची हाक आणि तिला द्यायचं उत्तर

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत नेरूळ-खारघरला, कॉकाटील हा तुरेवाला छोटा पोपट पाळणाऱ्या घरांमधून एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी माणसं कामाला निघाली, दार लागलं, लिफ्ट खाली गेली, की पिंजऱ्यातला पक्षी ओरडायला लागतो. एकाच सुरात, कानात टोचेल अशा आवाजात, दम घेऊन पुन्हा. वाटीत बाजरी-राळे भरलेले असतात, पाणी बदललेलं असतं, पिंजरा स्वच्छ असतो. मग याला कमी काय पडलं, असा प्रश्न घरच्यांनाही पडतो आणि समोरच्या फ्लॅटलाही.

कमी पडलेला असतो तो थवा. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा, तिथल्या अंतर्भागातल्या कोरड्या मुलखातला पक्षी. काकाकुवाच्या कुळातला हा सर्वांत लहान सदस्य. लांबी शेपटीसकट ३० सेंटिमीटरच्या आसपास, वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम. पाऊस जिथे झाला असेल आणि गवताला दाणे धरले असतील तिथे हे पक्षी थव्याने जातात आणि जमिनीवर उतरून दाणे टिपतात. मान खाली घालून खाणाऱ्या एकट्या पक्ष्याला आभाळातल्या ससाण्याकडे सतत लक्ष ठेवता येत नाही. थव्यात कोणाची ना कोणाची नजर वर असते. म्हणून थव्यापासून तुटणं हा या पक्ष्यासाठी जिवावरचा प्रसंग आहे आणि तसं होऊ नये यासाठी त्याच्याकडे एक साधन आहे: हाक. जत्रेच्या गर्दीत आई पोराला मध्येमध्ये नावाने हाक मारते आणि पोर ‘ओ’ देतं, तसं हे पक्षी दिवसभर करत असतात. जोडीतही हेच चालतं. अंडी उबवायला नर बहुतेक दिवसा बसतो आणि मादी रात्री, त्यामुळे एकमेकांपासून दूर असताना हाकेचाच आधार असतो.

पक्षीशास्त्रात या आवाजाला संपर्क-हाक म्हणतात. पोपटांच्या जगात ती किती व्यक्तिगत असते हे व्हेनेझुएलातल्या एका सुंदर प्रयोगात दिसलं. कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या चिमुकल्या हिरव्या पोपटांच्या घरट्यांमध्ये कॅमेरे आणि ध्वनिमुद्रक बसवले आणि काही घरट्यांतली अंडी आपसात बदलली. पिल्लांना बोलता येण्याआधीच आई-बाप प्रत्येक पिल्लासाठी थोडी वेगळी हाक वापरत होते आणि पिल्लांनी पुढे तीच हाक किंचित बदलून आपली म्हणून घेतली. परक्या घरट्यात वाढलेल्या पिल्लांची हाक सांभाळणाऱ्या आई-बापांसारखी निघाली, जन्मदात्यांसारखी नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेलं हे काम कॉकाटीलवरचं नाही, पण पोपटवर्गातल्या पक्ष्यांमध्ये हाक शिकण्याला किती मोल आहे ते यातून कळतं. कॉकाटीलच्या शिकण्याबद्दलही पुरावा आहे. जपानमधल्या आइची विद्यापीठातले योशिमासा सेकी यांनी हाताने वाढवलेल्या कॉकाटीलना माणसांची एक धून शिळेवर शिकवली, तर ती धून वाजत असताना पक्षी तिच्याबरोबर, वेळ साधून, एकत्र गायला लागले. हे २०२१ चं संशोधन. ज्या पक्ष्याला आपल्या शिळेशी शीळ जुळवता येते, त्याला आपण उत्तर दिलं की नाही हे नक्कीच कळतं.

आता पुन्हा फ्लॅटमध्ये या. तुम्ही दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात गेलात की तो आधी मोठ्याने ओरडत नाही. आधी एक छोटी, मऊ, वर चढत जाणारी शीळ येते. ‘कुठे आहेस?’ एवढंच ती विचारते. आपण फोडणीत असतो, फोनवर असतो, ती आपल्या कानावरून जाते. पाच-सात सेकंदांनी दुसरी येते, जरा मोठी. मग तिसरी. उत्तर नाही मिळालं की हाक किंकाळीच्या पट्टीत जाते आणि तेव्हा आपण धावत जातो, “काय रे, काय झालं?” म्हणतो, नाहीतर ओरडतो, “गप्प बस!” माणूस आला, म्हणजे दोन्हींचा अर्थ पक्ष्याच्या लेखी एकच: मऊ हाकेने काम होत नाही, किंकाळीने होतं.

शिकण्याचं हे तंत्र अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर आणि उंदरांवर बारकाईने अभ्यासलं होतं. ज्या कृतीचं फळ मिळतं ती पुन्हा केली जाते. फळ दर वेळी न मिळता अधूनमधून मिळालं, तर ती सवय मोडणं आणखी अवघड होतं. ‘दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल’ हा सल्ला म्हणूनच बहुतेक घरांत फसतो. दुर्लक्ष सुरू झालं की ओरडणं आधी वाढतं, पूर्वी चालणारी युक्ती पक्षी जोर लावून पुन्हा करून बघतो. नेमकं त्याच वेळी शेजारी बेल वाजवतात, घरातलं कोणीतरी हार मानून पिंजऱ्याशी जातं आणि पक्षी शिकतो की आणखी जोरात ओरडलं की काम होतं.

माझ्या मते इलाज उलट्या टोकाला आहे. किंकाळीवर नव्हे, पहिल्या मऊ शिळेवर लक्ष द्यायचं. ती आली की हातातलं काम न सोडता उत्तर द्यायचं: दोन सुरांची एक ठरलेली शीळ, किंवा “आहे रे, इथेच आहे.” घरातल्या सगळ्यांनी तीच वापरायची. जवळ जायची गरज नाही, थव्यातले पक्षीही दर हाकेला उडून शेजारी येत नाहीत, आवाज देतात एवढंच. किंकाळी सुरू झालीच असेल तर ती थांबेपर्यंत दाराआड राहायचं, दोन-तीन सेकंदांची शांतता मिळाली की शीळ द्यायची आणि आत यायचं. पुढच्या वेळी पाच सेकंद, मग पंधरा, मग मिनिट. बाहेर जाण्याचा सरावही असाच होतो. चपला घाला, दार लावा, लगेच परत या. चपला आणि किल्ल्यांचा आवाज हीच त्याच्यासाठी धोक्याची खूण झालेली असते. ती वारंवार घडून काहीच वाईट झालं नाही, तर तिची धार जाते. हे आठवड्यांचं काम आहे, घाईने होत नाही.

ओरडणाऱ्या पक्ष्यावर दिवसा कापड टाकण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. हरवल्याच्या भीतीने हाका मारणाऱ्याला अंधारात कोंडलं तर तो गप्प होईलही, पण भीती तशीच राहते.

एकटं राहण्याचा वेळ भरून काढायलाही हवा. रानात दिवसाचा मोठा भाग दाणे शोधण्यात जातो आणि पिंजऱ्यात वाटीतलं खाणं काही मिनिटांत आटोपतं. म्हणून दाणे कागदाच्या पुडीत बांधून द्या, मक्याच्या कणसाचा तुकडा अडकवा, धुतलेली कोथिंबिरीची जुडी देठाकडून बांधून टांगा, ती कुरतडण्यात त्याचा अर्धा तास छान जातो. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट मात्र चुकूनही नको, दोन्ही पक्ष्यांसाठी विषारी आहेत. आणि घराबद्दल एक गोष्ट: माणसाचा कान साधारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो आणि कॉकाटीलच्या हाकेचा जोरही त्याच्याच आसपास असतो. त्यात टाइल्स, उघड्या भिंती, सरकत्या काचा, सगळीकडून आवाज परततो. जाड पडदा आणि सतरंजी यांनी शेजाऱ्यांचा त्रास खरोखर कमी होतो.

प्रत्येक ओरडणं मात्र एकटेपणाचं नसतं. नेरूळला ओळखीच्या एका काकूंचा पक्षी दुपारी अचानक एकदाच जोरात ओरडायचा आणि मग पुतळ्यासारखा बसायचा. “भूक लागली असेल म्हणून मी दाणे देते, तर हातही लावत नाही,” काकू म्हणाल्या. पिंजरा बाल्कनीच्या ग्रिलला लागून होता. मी थांबून पाहिलं. तुरा काडीसारखा ताठ, पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, त्यामुळे पक्षी नेहमीपेक्षा उंच आणि बारीक दिसत होता. मान तिरकी करून त्याने एक डोळा वर लावला होता. पोपटांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, आभाळ नीट बघायचं तर मान अशीच कलवावी लागते. त्या डोळ्याच्या रेषेत मीही वर पाहिलं. समोरच्या टॉवरवरच्या ऊन हवेत दोन घारी गिरक्या घेत होत्या. आपल्याकडे घारी रोजच्याच, पण ससाण्यांच्या मुलखातून आलेल्या पक्ष्याला ती आकृती बघून शांत बसवणार कसं? पिंजरा आत, भिंतीला पाठ लावून ठेवला, वरून आणि एका बाजूने कापड बांधून आडोसा केला. लपायला जागा झाली आणि दुपारचं ओरडणं गेलं.

तुरा हा वाचायला सोपा आहे. ताठ उभा म्हणजे दचकलेला किंवा फार उत्सुक, मागे सैल कललेला म्हणजे निवांत, डोक्याला सपाट चिकटलेला आणि सोबत फुत्कार असेल तर ‘जवळ येऊ नकोस’. झोपायच्या वेळी चोचीचा बारीक करकर आवाज येतो, त्याला पुष्कळजण दुखणं समजतात. तो समाधानाचा असतो.

रात्रीचा प्रकार वेगळा आणि धोक्याचा. मध्यरात्री पिंजऱ्यात अचानक फडफड, धडका, किंचाळणं. कॉकाटील या रात्रीच्या भयासाठी पक्षी पाळणाऱ्यांत प्रसिद्धच आहेत. जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्याचा बचाव म्हणजे क्षणात झेप घेणं. अंधारात त्याला दिसत नाही, पिंजरा आहे हेही त्या क्षणी कळत नसावं. कारण क्षुल्लक असू शकतं: भिंतीवरून गेलेली पाल, छतावर फिरलेला गाडीचा प्रकाश, विजेचा कडकडाट. अशा वेळी आत हात घालू नका. मंद दिवा लावा, ओळखीच्या आवाजात बोलत राहा, तो दांडीवर स्थिरावला की पंख तपासा. नव्या उगवत्या पिसात रक्त खेळत असतं आणि ते मोडलं तर रक्त बरंच जातं. कॉर्नफ्लोअर लावून कापसाच्या स्वच्छ घडीने दाबून धरायचं आणि थांबलं नाही तर तडक डॉक्टर. रोज एक छोटा रात्रदिवा ठेवला तर हे प्रकार कमी होतात. दिवाळीत पिंजरा आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा चालू, आणि टांगलेली खेळणी रात्रीपुरती काढलेली बरी.

पक्षी नुकताच आणलेला, लहान असेल, मान वरखाली हलवत घोगऱ्या आवाजात सतत मागत असेल, तर ती बहुधा खरी भूक आहे. पिल्लं साधारण सात ते दहा आठवड्यांत स्वतः खायला लागतात, पण बाजारात त्याआधीच विकली जातात. समोर दाणे असूनही ती उपाशी राहतात. त्यांना हाताने भरवावं लागतं आणि ते एखाद्या जाणत्याकडून समोर बसून शिकून घ्यावं.

शेवटी, ज्याची मला सर्वांत काळजी वाटते ती गोष्ट ओरडण्याच्या उलटी आहे. आजारी पक्षी रानात दुबळेपण लपवतो, कारण शिकाऱ्याचं लक्ष आधी तिकडेच जातं. घरातही तो तेच करतो. रोज ओरडणारा कॉकाटील एका सकाळी गप्प, पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी, श्वासागणिक शेपटी वरखाली, तर ‘आज शहाणा झाला’ असं समजू नका. मादी असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. नॉनस्टिक तवा गॅसवर विसरून तापला असेल तर त्याच्या धुराने पक्षी मिनिटांत दगावतो, त्यामुळे पिंजरा स्वयंपाकघरापासून लांबच हवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून लिहून ठेवा. ९० ग्रॅमच्या पक्ष्याचं १० ग्रॅम घटणं म्हणजे अंगाचा नववा हिस्सा जाणं. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघतात असं नाही, म्हणून पक्ष्यांवर उपचार करणारे आपल्या भागात कोण आहेत ते गरज पडण्याआधी विचारून ठेवा. नेताना छोट्या खोक्यात, हवेला भोकं पाडून, खाली मऊ कापड घालून न्या, गाडीचा एसी बंद ठेवा, विष्ठेचा फोटो आणि श्वासाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ सोबत असू द्या. दवाखान्यात अनोळखी माणसांसमोर तो पुन्हा ताठ बसेल आणि डॉक्टरांना खरी स्थिती त्या व्हिडिओतच दिसेल.